मोटारीच्या इंजिनावरील झांकण घरीं कसें काढावें

हल्लीं खेड्यापाड्यांतहि मोटार ही केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें आणणें, भाजी बाजारास नेणें, आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविणें, हीं कामें तिच्यावांचून अडतात. अशी मोटार ऐन हंगामांत मिस्त्रीच्या दारीं पडून राहिली, तर होणारी अडचण दुरुस्तीच्या बिलाहून मोठी असते. म्हणून जें काम थोड्या काळजीनें घरीं होण्यासारखें आहे, तें शेतकरी बंधूंनीं समजून घ्यावें, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

इंजिनाच्या माथ्यावर पत्र्याचें, अॅल्युमिनियमचें अथवा प्लॅस्टिकचें लांबट झांकण असतें. मिस्त्री लोक त्यास टॅपेट कव्हर म्हणतात. त्याखालीं व्हॉल्व्हांची उघडझांप करणारी यंत्ररचना तेलांत भिजत चालत असते. झांकण व इंजिनाचें हेड ह्यांच्यामध्यें रबरी गास्केट बसविलेलें असतें. उष्णतेनें कांहीं वर्षांत तें कडक होतें आणि कडेनें तेल पाझरूं लागतें. तें तापलेल्या एक्झॉस्टच्या नळावर पडलें कीं जळका वास व धूर येतो. दुर्लक्ष केल्यास तेल घटून इंजिन जाम होण्याचा व प्रसंगीं आग लागण्याचाहि धोका असतो.

झांकण काढणें अवघड नाहीं. मात्र माती आणि फाजील जोर ह्या दोहोंचा धाक बाळगला पाहिजे. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. वारा व धूळ असलेल्या खळ्यांत हें काम न करतां आडोशाची जागा निवडावी. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. नंतर झांकण व भोंवतालची जागा ब्रशानें व फडक्यानें स्वच्छ करावी. पाण्याचा फवारा मारूं नये. मोबाईलवर दोनचार छायाचित्रें घ्यावीं, म्हणजे कोणती नळी कोठें होती, हें मागाहून आठवत बसावें लागत नाहीं.

पेट्रोलच्या बहुतेक नव्या मोटारींत प्रत्येक प्लगवर एकेक कॉइल असते. तिच्या तारेचा जोड खिट्टी दाबून सोडवावा. तार धरून ओढूं नये. कॉइली क्रमानें मांडून ठेवाव्या व प्लगांच्या उघड्या खोबणींत स्वच्छ फडक्याचे बोळे घालावे. झांकणास जोडलेली रबरी नळी जुनी झाल्यावर ठिसूळ होते. म्हणून ती हलके पिळून सैल करावी.

झांकणाचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे असून त्यांस १० मिलिमीटरचा पाना लागतो. ते टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावे. निघालेला प्रत्येक बोल्ट व वायसर मोजून ताटलींत ठेवावा. जितके निघाले तितके परत बसले पाहिजेत. एक जरी वायसर आंत राहिला, तर इंजिन चालूं करणें म्हणजे फिरत्या चरकांत दगड टाकणें होय. झांकण चिकटलें असल्यास रबरी किंवा लांकडी हातोडीनें कडेस हलकेच ठोकावें. फटींत पेचकस घालून उचकटूं नये. तेथें पडलेला ओरखडा कायमची गळती होऊन बसतो.

झांकणाची आंतली बाजू अवश्य पाहावी. ती नुसती पिंगट व तेलकट असल्यास चिंता नाहीं. डांबरासारखा काळा गाळ दिसल्यास तेल वेळेवर बदललेलें नाहीं, असें समजावें. ताकासारखा पांढुरका फेस असल्यास तेलांत पाणी मिसळत आहे. मोटारीच्या फेऱ्या जवळच्याच होत असतील, तर तो साध्या ओलाव्याचा असूं शकतो. परंतु रेडिएटरांतील पाणीहि घटत असेल, तर मोटार न चालवितां मिस्त्रीस दाखवावी.

बसवितांना गास्केट नवें घ्यावें व त्याची खांच प्लॅस्टिकच्या पट्टीनें साफ करावी. पुस्तिकेंत सांगितलें असेल त्याच सांध्यावर सीलंटचा लहान ठिपका द्यावा. आंत घातलेले बोळे मोजून काढून घ्यावे. बोल्ट आधीं बोटांनीं फिरवून मग मध्यापासून बाहेर, दोनतीन फेऱ्यांत आवळावे. नेमका जोर पुस्तिकेंत दिलेला असतो. पुष्कळ लहान मोटारींत तो ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाशीं चारपांच किलो वजन टांगल्याइतका असतो.

येथें आमचीच चूक सांगतों. गळती थांबावी म्हणून आम्हीं एकदां जुनेंच गास्केट ठेवून बोल्ट सर्व बळानें आवळले. हेडमधील एका भोंकाचे आटेच निघून आले. मोटार नऊ दिवस उभी राहिली. त्यांतच घरांत आजारपण आलें, आणि रात्रीं शेजाऱ्याचें दार वाजवून त्याची गाडी मागावी लागली. गास्केटपुरती केलेली काटकसर आम्हांस अशी भोंवली.

कित्येक नव्या डिझेल मोटारींत इंजेक्टरच्या नळ्या काढल्यावांचून झांकण निघत नाहीं. इंजिन चालूं असतां त्या नळ्यांतील दाब हवेच्या दाबाच्या हजारपटींहूनहि अधिक होऊं शकतो. तेथें घरगुती हात चालवूं नये. तें काम जाणत्याचेंच.

सर्व जुळल्यावर तेलाची पातळी पाहावी, इंजिन दहा मिनिटें चालवावें व बंद करून थंड झाल्यावर कडेवरून बोट फिरवावें. चारपांच फेऱ्यांनंतर पुन्हां तसेंच पाहावें. बोट कोरडें निघालें, म्हणजे काम साधलें असें समजावें.