मेंदू आणि त्याचे विकार (लेखांक सातवा): तिवऱ्याचा दाणा

एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश कसा पोहोचतो, त्या दोहोंमधील सूक्ष्म फटीत ग्लुटामेट नावाचे द्रव्य कसे स्रवते आणि पलीकडल्या पेशीवरील ग्राही त्याच्या स्पर्शाने कसे उघडतात, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. हीच व्यवस्था पेशीच्या नाशास कशी कारण होते, हे समजून घेण्यासाठी मला भिलाईच्या या सिविक सेंटरपासून फार दूर जावे लागत नाही. पोलादाच्या कारखान्याबरोबर भिलाईची ही आखीव वसाहत उभी राहिली, त्यापूर्वी हा सारा मुलूख धानाचा होता. आणि नगराची हद्द ओलांडली की आजही धानाच्या बांधीत, पीक उभे असतानाच, ओल्या मातीत तिवरा या कडधान्याचे बी फेकलेले आढळते. या पेरणीला उतेरा म्हणतात. भंडारा-गोंदियाकडे हेच पीक लाखोळी. त्यास नांगरट नको, पाणी नको. उरलेल्या ओलीवर ते वाढते, आणि थंडीत त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी इकडे घरोघरी आवडीने होते. दाणा लहान, पाचरीच्या आकाराचा, करड्या-तपकिरी रंगाचा. भरडून डाळ केली की ती तुरीत मिसळली तरी सहसा ओळखू येत नाही.

या दाण्याने माणूस पंगू होतो, हे आपल्या वैद्यांस ठाऊक होते. सुश्रुताने वातविकारांत कलायखंज या पांगळेपणाचा निर्देश केला आहे. परंतु एखाद्या साथीसारखा तो गावेच्या गावे कसा व्यापतो, याचे तपशीलवार वर्णन ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कर्नल स्लीमन यांनी 1844 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात केले. गोविंदपंत बुंदेल्यांमुळे मराठी वाचकास परिचित असलेल्या सागर प्रांतात 1829 साली गारपिटीने, 1830 साली अवर्षणाने आणि 1831 साली तांबेऱ्याने गहू गेला. तिवरा मात्र तिन्ही वर्षे माजला. रयतेने तो खाल्ला, आणि 1833 पासून तिशीच्या आतील तरुणांचे कमरेखालचे अंग निकामी होऊ लागले.

या रोग्याची चाल एकदा पाहिली की विसरत नाही. पाय शिथिल नसतात, उलट ताठ झालेले असतात. टाच टेकत नाही, गुडघे एकमेकांवर आपटतात, एक पाय दुसऱ्यास ओलांडून पडतो, आणि वहाण केवळ पुढल्या बाजूस झिजते. ॲक्टन या डॉक्टराने 1922 साली याच्या पायऱ्या लावल्या: विनाकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. बुद्धी, वाचा, स्पर्शज्ञान, सारे शाबूत राहते. आपल्या पायांचे काय झाले हे पूर्णपणे जाणणारा तरुण मनुष्य जन्मभर तसाच राहतो, कारण तिवरा सोडल्यावर रोग बहुधा वाढत नाही, पण मागेही हटत नाही.

तिवऱ्यातील विषाचा छडा 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी लावला. ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे अमिनो आम्ल रचनेने ग्लुटामेटचे जवळचे आप्त आहे; इतके जवळचे, की चेतापेशीवरील ग्राही त्यास ग्लुटामेट समजूनच उघडतात. खरा संदेश क्षणभराचा असतो. द्रव्य लगेच उचलले जाते आणि दार मिटते. ओडॅपमुळे मात्र पेशी दीर्घकाळ उत्तेजित राहते, आत कॅल्शियम साचते, ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका खचतात, आणि जी पेशी संदेश स्वीकारण्यासाठी निर्माण झाली ती त्या संदेशाच्याच अतिरेकाने मरते. मेंदूच्या बाह्यकातून मज्जारज्जूत उतरणाऱ्या प्रेरक पेशींवर हा आघात होतो, आणि त्यांतही पायांकडे जाणारे सर्वांत लांब तंतू आधी निकामी होतात.

येथे मला आग्रहाने एक गोष्ट सांगावयाची आहे. भाजीभाकरीबरोबर तिवरा खाणारास सहसा काही होत नाही. आहाराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक सलग दोन-तीन महिने तिवराच असेल, तर पेशी हरते. असा आहार कोणी स्वेच्छेने घेत नाही. रेवा-सतना भागात वेठबिगार मजुरांना मजुरीच तिवऱ्याच्या रूपाने मिळे. 1942 साली वाप्न्यार्का येथील छावणीत रुमानियन अधिकाऱ्यांनी ज्यू बंदिवानांना हेच धान्य खाऊ घातले, आणि बंदिवानांपैकीच डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. म्हणून 1961 चा विक्रीबंदीचा हुकूम मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे: त्याने दाण्यास गुन्हेगार ठरविले, मजुरीच्या जमाखर्चास हात लावला नाही. ओडॅप पाण्यात विरघळते, डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा मोठा अंश जातो. पण सरपण आणि पाणी दोन्ही दुर्मीळ असलेल्या दुष्काळी घरात हा उपाय कोण करणार? रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ओडॅपचे प्रमाण अत्यल्प असलेले महातिवरा हे वाण काढले, ते या दृष्टीने अधिक शहाणपणाचे काम होय. त्यात शेतकऱ्याचे पीकही राहते आणि गरिबाचे पायही.

अतिउत्तेजनाने होणाऱ्या पेशीच्या या मरणास ओल्नी या संशोधकाने 1969 साली अतिउत्तेजनजन्य विषबाधा असे नाव दिले, आणि पुढे असे दिसले की पक्षाघातात रक्तपुरवठा तुटलेल्या पेशीही ग्लुटामेट सांडून शेजारच्या पेशींस याच मार्गाने मारतात. रिलुझोल हे प्रेरक चेतापेशींच्या रोगावरील औषध ग्लुटामेटचा हा स्राव कमी करते. त्याने रुग्णाचे आयुष्य काही महिन्यांनीच का वाढते, त्याचा विचार पुढील लेखांकी.