व्हिक्टोरिया गोदीतला कापूस

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज फुटले, तेव्हा आधी शंका आली ती घातपाताची. युद्ध चालू होते आणि जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. पुढे चौकशीत मात्र बोट दाखवले गेले ते कुणीतरी टाकलेल्या सिगारेटकडे. ठिणगी कुणाची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जिथे माणसे दिवसभर मालाची चढउतार करतात तिथे ठिणगी कधी ना कधी पडणारच. तिचा अनर्थ झाला तो माल रचण्याच्या पद्धतीमुळे. वाटेत कराचीत विमाने उतरवून रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या गेल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात खाली कापूस आणि त्याच्या डोक्यावर दारूगोळा!

दाबून बांधलेला कापूस भडकत नाही, धुमसतो. आटगाव-शहापूरकडे पेंढ्याची गंजी आतून पेटली की नुसते वरून पाणी मारून भागत नाही, ती उपसावी लागते. गाठीचेही तसेच. तंतूंत अडकलेली हवा धुमसायला पुरते, भोवतीचा कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. नऊशे टनांहून अधिक पाणी ओतूनही आगीचे मूळ सापडेना, कारण धुरामुळे खाली उतरणेच अशक्य होते. बाहेरच्या पत्र्यावर एके ठिकाणी रंग फुगून सोलवटत होता, आतल्या आगीची तेवढीच काय ती खूण. मग पाणी मारणेच चुकले, असे कुणी म्हणेल. गाठी पाण्यावर तरंगतात, पाणी चढेल तशी आग वर स्फोटकांकडे सरकते, हे खरेच. पण हा पेच बंबवाल्यांनी निर्माण केलेला नव्हता, तो कराचीतच जहाजावर चढला होता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

युद्धात जहाजांचा तुटवडा होता, रिकामी जागा ठेवणे परवडत नव्हते, हा बचाव खोटा नाही. एरवी स्फोटके गोदीबाहेरच पडावांत, म्हणजे छोट्या मालवाहू होड्यांत, उतरवली जात, तो नियमही घाईपोटी सैल झाला होता. पण घाईतून वाचले काय? एका फेरीतली जागा. गमावली दहाहून अधिक जहाजे, गोद्या आणि शेकडो माणसे. कोणता माल कोणाशेजारी ठेवायचा नाही, याचे तक्ते आज आंतरराष्ट्रीय सागरी संहितेत आहेत. तरीही २०२० मध्ये बैरूत बंदराच्या ज्या गोदामातल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, त्याच गोदामात फटाकेही साठवलेले होते.