साच्यांच्या तुकड्यांतून घडलेली कांस्यपात्रे

चीनमधील शांग राजवंशाच्या काळात, म्हणजे सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६ दरम्यान, पूर्वजांना मांस, धान्य आणि मद्य अर्पण करण्यासाठी कांशाची जी पात्रे ओतली गेली, त्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या साच्यांत आहे. मोहेंजोदडोच्या नर्तिकेची मूर्ती ज्या पद्धतीने घडली, तीत मेणाची प्रतिकृती वितळून जाते व तिच्या जागी धातू भरतो. शांग कारागीर मात्र मातीची प्रतिकृती करून तिच्यावर ओली माती दाबत, हा बाह्य साचा तुकड्यातुकड्यांनी कापून सोडवत, आणि आत मातीचा गाभा बसवून दोहोंमधील पोकळीत तांबे, कथील व शिसे यांचा रस ओतत. पोकळीची जाडी सारखी राहावी म्हणून मध्ये कांशाचे लहान तुकडे ठेवले जात.

या पात्रांवर ‘थाओथिए’ नावाचा मुखवटा वारंवार दिसतो: बटबटीत डोळे, शिंगे, खालचा जबडा बहुधा नाहीच, आणि मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी नक्षी. हे नाव उत्तरकालीन असल्याने मुखवट्याच्या अर्थाबद्दलची ठाम विधाने जपूनच वाचावीत.

आन्यांग येथे १९७६ मध्ये उघडलेल्या राणी फू हाओच्या कबरीत अशी दोनशेहून अधिक पात्रे मिळाली. त्याच परिसरात १९३९ मध्ये सापडलेले ‘होउमूवू तिंग’ हे चौपायी पात्र सुमारे ८३३ किलो वजनाचे आहे. एवढ्या ओतकामाला एक टन किंवा त्याहून अधिक धातू वितळवावा लागला असणार.