सुरी, लोहार आणि श्रमाचे मोल

वृत्तपत्रांच्या भाषेत रोज एखादा तरी प्रश्न ‘ऐरणीवर’ येत असतो. कधी पाण्याचा, कधी ऊसदराचा, कधी शिक्षकभरतीचा. मात्र ज्या ऐरणीवरून हा शब्दप्रयोग आला ती आपल्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिली आहे? प्रस्तुत लेखकाने वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना बलुतेदारी, ग्रामोद्योग, कुशल आणि अकुशल श्रम हे शब्द फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. परंतु हातोडा कधी हाती धरला नव्हता. एका दिवाळीच्या सुट्टीत कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गावी लोहाराच्या भात्यापाशी दोन दिवस बसून एक सुरी घडवण्याचा प्रयत्न केला. सुरी कशीबशी झाली. परंतु त्या दोन दिवसांत जे उमगले ते सुरीपेक्षा अधिक मोलाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ अज्ञानापासूनच झाला. मी घरून बांधकामाच्या सळईचा तुकडा नेला होता. मामांनी तो हातात घेऊन बाजूला ठेवला आणि मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा पुढे केला. “सर, सळईला पाणी लागत न्हाई,” एवढेच ते म्हणाले. त्याचे कारण शास्त्रात आहे. साध्या सळईत कर्बाचे प्रमाण सुमारे पाव टक्का किंवा त्याहून कमी असते. ती कितीही तापवून विझवली तरी धार धरण्याइतकी कठीण होत नाही. ट्रकच्या पाट्यात ते अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक असते. पाव आणि अर्धा टक्का यांतील हा फरक मामांना आकड्यांत ठाऊक नव्हता. त्यांनी तो वजनावरून, आवाजावरून आणि चाळीस वर्षांच्या अनुभवावरून ओळखला.

भात्याची जागा मुद्दाम अंधारी ठेवलेली असते, हेही तेथेच कळले. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग दिसत नाही, आणि लोहाराला रंग हेच तापमापक. काळपट लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा, ही त्याची अंशांची मोजपट्टी. मी बोलण्याच्या नादात तुकडा निखाऱ्यांत विसरलो आणि तो फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवू लागला. पोलाद जळले होते. पहिल्याच घावाला टोक भुगा होऊन पडले. या धड्याने सावध होऊन दुसऱ्या वेळी मी लोखंड लवकर बाहेर काढले आणि ते काळे पडले तरी ठोकतच राहिलो, तेव्हा त्याला चीर गेली. “गार लोखंडावर जोर दावून काय उपेग?” मामा म्हणाले. या वाक्यात टोमणा नव्हता, पण तो मला लागला.

तिसऱ्या तुकड्याची पाती पातळ करू लागलो, तर ती केळ्यासारखी वाकून पाठीकडे वळली. एक कड ठोकून पातळ केली की ती लांबते. पाठ मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून जाणता लोहार धार काढण्यापूर्वीच पाते उलट बाजूस थोडे वाकवून ठेवतो, म्हणजे पुढच्या घावांनी ते आपोआप सरळ होते. अखेर पाणी देण्याची वेळ आली. मी संपूर्ण पाते एकदम पाण्यात बुडवले. ‘टिंग’ असा बारीक आवाज झाला. मामांनी न पाहताच सांगितले, “गेलं.” पात्याला आरपार तडा गेला होता.

चौथा तुकडा दुसऱ्या दिवशी सायंकाळी मामांच्या देखरेखीखाली पुरा झाला. केवळ धारेची कड पाण्यात धरायची, लगेच बाहेर काढून दगडावर घासायची आणि पाठीकडची उरलेली ऊब धारेकडे सरकताना पाहायची. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग उमटत जातात. पिवळा धारेशी पोहोचला की पुन्हा पाणी. क्षणभर आधी विझवले तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. क्षणभर उशीर झाला तर मऊ पडते. माझा तो क्षण चुकलाच. पाते टिकले, पण मऊ राहिले. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसाला, घोड्याला, डोळ्यांना सर्रास लावतो. शस्त्राला पाणी चढवताना त्यामागे केवढा हिशेब असतो हे त्या दिवशी समजले.

त्याच दोन दिवसांत मामांनी चौदा खुरपी, सहा विळे व दोन कोयते घडवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची हत्यारे शेवटून दिली ती निराळीच. अॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे, ते प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच प्रकरणातील खिळ्यांचे उदाहरण मात्र आपण वगळतो. हातोडा चालवण्याची सवय असलेल्या, पण खिळे कधीच न केलेल्या लोहाराला दिवसात जेमतेम दोन-तीनशे खिळे होतात आणि तेही वाईट; खिळ्यांची सवय असलेला, पण तोच मुख्य धंदा नसलेला लोहार आठशे ते हजार करतो; आणि केवळ खिळेच करत आलेली विशीच्या आतील मुले तेवीसशेहून अधिक करतात, असे स्मिथ सांगतो. मला तर हातोड्याचीही सवय नव्हती. माझ्या दोन दिवसांच्या पगाराने हिशेब केला तर ती एक सुरी हजारो रुपयांची ठरते. तरीही मजुरीच्या दरांची चर्चा करताना आपण अशा माणसाला ‘अर्धकुशल’ म्हणून मोकळे होतो, कारण त्याच्यापाशी प्रमाणपत्र नसते!

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मामा सांडशीत लोखंड धरून हातोड्याने जागा दाखवत, आणि त्या जागेवर घण घालीत असत त्या मामी. दोघांच्या घावांचा ताल क्षणभरही चुकत नव्हता. खुरप्याच्या किमतीत मामींचा घण असतो, पण हिशेबात त्यांचे नाव नसते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारांसह अठरा व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आणि प्रशिक्षणकाळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन अशी तरतूद आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु तिचा लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. भात्यावर मात्र काम दोघांचे असते.

कोणी म्हणेल, कारखान्यातील सुरी पन्नास-साठ रुपयांत मिळत असता हा खटाटोप कशासाठी? या आक्षेपाला आपल्याच परिसराचा इतिहास उत्तर देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षक. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली त्यांनी औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. आजचे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ते हेच. लोखंडाने जमीन नासेल, या समजुतीमुळे आरंभी त्यांच्या नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हते. दुसरे उदाहरण मिरजेचे. तलवारी घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा एकोणिसाव्या शतकात बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर मिरज संस्थानच्या आश्रयाने तानपुरा-सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजार बदलला म्हणून हातातील कसब मरत नाही. त्याला आश्रय आणि नवी मागणी मिळाली तर ते रूप बदलून जगते. दोन्ही मिळाली नाहीत तर मात्र ते एका पिढीत संपते.

तथापि जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर वर्षभर राबणारा, जातीने धंद्याला बांधलेला लोहार पुन्हा निर्माण करावा, असे कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही. निघताना मी मामांना मुलाविषयी विचारले. ते म्हणाले, “सर, तुमची दोन दिसांची हौस झाली. माझ्या पोराला मी ह्यात घालणार न्हाई. त्यो कंपनीत हाय, महिन्याला पगार येतो.” त्यांना दोष कोण देईल? ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यांना धार लावून त्यांना चार पैसे दिसतात. तोडणीची यंत्रे वाढली की तेही आटतील. ज्या हत्याराच्या नावाने ऊसतोड जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते, ते घडवणाऱ्याची मोजदादच नाही.

तेव्हा करायचे काय? विश्वकर्मा योजनेतील पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे. तेवढ्यात जुन्या कारागिराला नवी यंत्रे समजतील, पण नवशिक्याला रंग ओळखता येणार नाही. तो उस्तादाजवळ वर्ष-दोन वर्षे बसूनच येतो. म्हणून विद्यावेतन शिकणाऱ्याबरोबर शिकवणाऱ्या लोहारालाही मिळावे, आणि ते कोणत्याही जातीच्या मुलामुलीला शिकवण्याच्या अटीवर मिळावे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. पुढे आपण शाळांत ‘कार्यानुभव’ आणला आणि बहुतेक ठिकाणी तो कागदी फुलांपाशी थांबला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचवले आहे. शिक्षकबंधूंनी हे दहा दिवस खरोखर भात्यापाशी, चाकापाशी, मागापाशी घालवले आणि कारागिराला मानधन देऊन ‘सर’ म्हटले, तरी पुष्कळ साधेल. मुले लोहार होतील असे नव्हे. पण मोठेपणी कारकून, अधिकारी वा प्राध्यापक झाल्यावर कोणाला ‘अकुशल’ म्हणण्यापूर्वी ती क्षणभर थांबतील.

माझी सुरी घरात आहे. कांदा कापते, टोमॅटोपुढे मात्र हार मानते. दर पंधरवड्याला ती शेवटावी लागते. पूर्वी विळीला धार लावणाऱ्याशी पाच-दहा रुपयांसाठी मी घासाघीस करीत असे. आता ती होत नाही.