टाकाऊ मालाची सामाईक कार्यशाळा

हॉलंड देशांतील रॉटरडॅम बंदरीं मास नदीच्या कांठावर कांचेच्या घुमटाचें एक मोठें जलविहारगृह १९८८ सालीं उघडलें आणि २०१० सालीं बंद पडलें. ओस पडलेल्या त्या इमारतीच्या तळघरांत पुढें दोघां गृहस्थांनीं कॉफीच्या चोथ्यावर धिंगरी आळिंबी लावण्यास आरंभ केला. २०१५ सालीं इमारत नव्या मालकाकडे गेली व 'ब्लू सिटी' या नांवानें ती, टाकाऊ पदार्थांपासून उपयुक्त वस्तु घडविणाऱ्या लहान उद्योजकांची सामाईक जागा झाली. क्षेत्र सुमारें १२,००० चौरस मीटर. जन्मभर सात-बाराचे उतारे लिहिल्याच्या संवयीनें सांगतों, तीन एकरांस थोडें कमी.

वाचकांस प्रश्न पडेल कीं, ज्यानें त्यानें आपापल्या घरीं काम करावें, एकत्र बसण्याचें प्रयोजन काय? त्याचें उत्तर त्या आळिंबींतच आहे. कॉफीचा चोथा उकळत्या पाण्याखालून गेलेला असतो, त्यामुळें त्यांतील पुष्कळसे जंतु आधींच मेलेले असतात. भुशाप्रमाणें तो निराळा गरम पाण्यांत शिजवावा लागत नाहीं. परंतु तो शिळा झाला, कीं भलतीच बुरशी धरतो व आळिंबीच्या बियाण्यास थारा उरत नाहीं. तेव्हां चोथा टाकणारा आणि घेणारा यांच्यांतील अंतर जितकें कमी, तितका माल चांगला. एकाचा केर तो दुसऱ्याचा कच्चा माल, हें तत्त्व कागदावर सोपें आहे. मध्यें दिवस गेले व गाडीभाडें पडलें, कीं तें मोडतें.

दुसरें उदाहरण आपल्या लोकांस जवळचें वाटेल. तेथील कलाविद्यालयाच्या दोघां विद्यार्थ्यांनीं बाजारांत बाद झालेले नासके आंबे घेऊन त्यांचा गर शिजविला, पातळ पसरून वाळविला व वर लेप देऊन चामड्यासारखीं पानें तयार केलीं. आपल्या घरीं आंबापोळी घालतात, तीच ही क्रिया. आपण ती खाल्ली, त्यांनीं तिच्या पिशव्या शिवल्या! इमारतींतील कचेऱ्यांच्या भिंतीहि जुन्या खिडक्यांच्या चौकटी जोडून केल्या आहेत. २०१८ सालीं तेथें सामाईक प्रयोगशाळा निघाली, कारण तसलीं उपकरणें एकट्या कारागिरास घेववत नाहींत.

आतां आपल्याकडे वळूं. संस्थेचें जुनें गोदाम चार वर्षें कुलुपांत आहे व त्याचे पत्रे उतरवून विकावेत, अशी सूचना झाली आहे. माझ्या मतें ती घाई होय. आपल्या कापूसपट्ट्यांत दरसाल पऱ्हाट्या बांधावर जाळल्या जातात. मुंबईस माटुंगा येथील केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेनें याच पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, त्यांत राळ मिसळून व दाबून फळ्या करण्याची रीत सिद्ध केली आहे. तुकड्यांवर आळिंबीहि येते. अडचण एवढीच, कीं पऱ्हाटी वजनानें हलकी व आकारानें अवाढव्य. गाडी भरते, पण वजन भरत नाहीं. तुकडे करण्याचें यंत्र जवळ असेल तरच भाडें परवडतें, आणि तें यंत्र एकट्या शेतकऱ्यानें घेणें म्हणजे कर्ज ओढवून घेणें.

दोन गोष्टींची मात्र भीति वाटते. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते; गोदामांत असे ढीग महिनोन्महिने पडले, तर पुढील हंगामाची कीड आपणच सांभाळल्यासारखें होईल. म्हणून आणलेल्या पऱ्हाटीचे लागलीच तुकडे झाले पाहिजेत. दुसरें, ज्वारीचा कडबा हा केर नव्हे, तो गुरांचा घास आहे. त्यास कोणी टाकाऊ म्हणूं लागला तर त्याचें ऐकूं नये.

शिवाय आज फुकट दिलेल्या वस्तूस उद्यां भाव आला, तर तो कोणाचा? सरकारी दप्तरांत मीं हें पाहिलें आहे, कीं जी वस्तु नोंदींत नसते तिचा धनी पुढें कोणीहि होतो. गाडी काट्यावर चढली, कीं शेतकऱ्याच्या नांवें वजन लिहावें, मग दर शून्य असेना कां. वार्षिक सभेस येतांना सभासदांनीं यंदा आपण किती एकरांची पऱ्हाटी जाळली, तो आंकडा तेवढा लिहून आणावा.