चहाच्या कपावरचे इंजिन

बुओना व्हिस्टाच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेथ ठेवायला जागा नाही, आणि बॉयलर लहान असला तरी बॉयलरच! म्हणून घरी चालते इंजिन करायचे ठरले तेव्हा आम्ही वाफेच्या वाटेला गेलो नाही. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने १८१६ साली पेटंट घेतलेले, नुसत्या हवेवर चालणारे इंजिन निवडले.

वर-खाली दोन पत्रे, मध्ये फोमची सैल चकती. ती हलली की कोंडलेली हवा कधी गरम पत्र्याकडे जाऊन फुगते, कधी गार पत्र्याकडे जाऊन आकसते. त्या फुगण्या-आकसण्याने काचेच्या सिरिंजचा दट्ट्या चाक फिरवतो.

आमचे फिरेना. दोन रविवार गेले; तिसऱ्या रविवारी चिरंजीव कंटाळून उठून गेले. दोष आमच्या तेलाचा होता. इतक्या क्षीण जोराला तेलाचा चिकटपणाही जड. ते पुसून दट्ट्याला शिसपेन्सिलीची पूड लावली. (तिच्यात शिसे नसते, ग्रॅफाइट असते. रसायनवाल्यांना हे आधी सुचू नये?) चाक फिरले, चिरंजीव परतले.

चहा ८० अंश आणि खोली ३० अंश असेल, तर उष्णतेतून फार तर १४ टक्के काम निघते. पुण्याच्या थंडीत, १५ अंशांना, १८ टक्के. आमच्या इंजिनाला यातले एखादा टक्काही मिळत नसेल. वर बर्फाचे खडे ठेवले की मात्र ते जोरात पळते. चहाऐवजी खालीच बर्फ ठेवला तर चाक उलटे फिरते!

पुढच्या मेळाव्याला इंजिन आणतो. चहा मंडळाचा.