पोटावर पिशवी, तरीही शांत झोप

ऑपरेशन व्यवस्थित पार पडते, टाके सुकू लागतात आणि डॉक्टर घरी जायची परवानगी देतात. घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण दिवस मावळला की रुग्णाच्या मनात एकच धास्ती उभी राहते : रात्री झोपेत पिशवी सुटली तर? मग तो अंग आक्रसून रात्रभर उताणा पडून राहतो. सकाळी पाठ अवघडलेली, डोळे चुरचुरणारे आणि स्वभाव चिडचिडा!

आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर, आतड्याचा जुनाट दाह, अपघातातील इजा अशा कारणांनी शौचाचा किंवा लघवीचा मार्ग वळवून पोटावर नवे तोंड काढावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचे तोंड काढले तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टॉमी आणि लघवीसाठी काढले तर युरोस्टॉमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींना तो कायम सांभाळावा लागतो. झोप मात्र दोघांनाही हवी, कारण अंगात पुन्हा ताकद येण्यासाठी पुरेशी विश्रांती लागतेच.

भीती कशाची?

स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लालसर व ओलसर असतो. त्याला वेदना कळत नाही. झोपेत तो थोडा दबला तर लगेच काही बिघडत नाही. दुखतात ते टाके आणि कापलेले स्नायू. मात्र वेदना कळत नसल्यामुळेच घट्ट नाडीचा काच किंवा नखाचा ओरखडाही लक्षात येत नाही. म्हणून रात्री सैल कपडे घालावेत.

पिशवीचा जन्मच अशा भीतीतून झाला आहे. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन या नर्सच्या बहिणीला, थोराला, स्टोमा होता. गळतीच्या धास्तीने ती घराबाहेर पडेना. तेव्हा 1954 साली एलिसेने चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचवली. आजची पिशवी नीट चिकटवलेली असेल, तर कूस बदलल्याने सहसा सुटत नाही. ती सुटते मुख्यतः काठोकाठ भरल्याने किंवा वायूने फुगल्याने. म्हणून एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी, झोपण्यापूर्वी तर न चुकता!

कसे झोपावे?

पहिले काही आठवडे उताणे झोपणे बहुतेकांना सोपे जाते. डोके आणि खांदे दोन उशांवर थोडे उंच ठेवावेत व गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी. त्यामुळे पोटाचे स्नायू सैल पडतात आणि टाक्यांवर ताण येत नाही.

कुशीवर झोपायचे असेल, तर स्टोमाच्या बाजूची कूसही चालते. पिशवी गादीवर टेकते व तिचे ओझे ओढत नाही. दुसऱ्या कुशीवर वळल्यास पिशवीखाली लहान उशी किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवावा. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेतली की कंबरेलाही आराम मिळतो.

पालथे झोपण्याची सवय असेल, तर काही आठवडे धीर धरा. जखम भरल्यावर सर्जनच्या संमतीने, कंबरेखाली उशी घेऊन आणि एक गुडघा वर दुमडून तसे झोपता येते.

गुदद्वारही काढले असेल, तर बसताना तेथील जखम दुखते. अशा वेळी कुशीवर पडण्याने बरे वाटते. मधे भोक असलेली गोल उशी मात्र वापरू नये. तिच्यामुळे जखमेवर ताण येतो.

जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी काही दिवस गुडघ्याएवढ्या उंचीच्या पलंगावर झोपावे. खोलगट झालेली खाट टाळावी. उठताना एकदम सरळ बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी.

निजण्यापूर्वीची तयारी

• रात्रीचे जेवण दोन-तीन तास आधी घ्या. वायू धरणारे पदार्थ, उदाहरणार्थ कोबी, वाटाणे किंवा सोडा, रात्री टाळा.
• इलिओस्टॉमीत रात्रीही पातळ मल येतो. सुरुवातीला मध्यरात्री एकदा गजर लावून पिशवी रिकामी करा. पण त्या भीतीने पाणी पिणे कमी करू नका. शरीरातले पाणी झपाट्याने घटू शकते.
• युरोस्टॉमीत रात्रीसाठी मोठी पिशवी नळीने जोडता येते. ती पलंगाच्या पातळीपेक्षा खाली टांगा.
• चादरीखाली मेणकापड घाला. उशाशी जादा पिशवी, टॉवेल आणि टॉर्च ठेवा. सारे हाताशी आहे म्हटले की निम्मी काळजी मिटते.
• झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

जोडीदाराची भूमिका

वास येईल, अडचण होईल, या संकोचाने अनेक जण आपले अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवतात. वास्तविक चांगली पिशवी बंद असताना वास येऊ देत नाही. जखम भरल्यावर पती-पत्नींनी एका पलंगावर झोपायला काहीच हरकत नाही. लहान मूल शेजारी झोपत असेल, तर मधे एक उशी ठेवली की पुरे. कधी चादर खराब झाली तर नाक मुरडू नका. न बोलता बदललेली चादर रुग्णाला औषधाइतकाच धीर देते.

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, पोटात कळा व उलट्या होऊन पिशवीत काहीच येईनासे झाले किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. कातडी सोलवटली किंवा स्टोमाजवळ फुगवटा दिसला, तरी दाखवून घ्यावे. पिशवी वारंवार गळत असेल, तर तिच्या भोकाचे माप बहुधा चुकते आहे. सूज उतरते तसा स्टोमा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत लहान होतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे लागते. मोठ्या इस्पितळांतील स्टोमा नर्स हे शिकवतात. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडेही चौकशी करता येते.

पहिल्या रात्री चार वेळा जाग येईल, पुढे दोनदा. हात पिशवीकडे जाईल, सारे जागेवर आहे हे कळेल आणि पुन्हा डोळा लागेल. असा अनुभव रोज येत गेला की भीती आपोआप ओसरते आणि झोप पूर्वीसारखी लागू लागते.